जिवंत शिक्षकाची परवानगी



परिषदेच्या अध्यक्षाने वैद्यकीय शिक्षणाच्या सगळ्या प्रश्नांचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. रिक्त पदं, वसतिगृहं, परीक्षा हे विषय इतर सत्रांत येणारच आहेत. मी आज एकाच माणसाबद्दल बोलणार आहे. ज्याच्या अंगावर हात ठेवून आपण सगळे डॉक्टर झालो, त्या रुग्णाबद्दल.

पहिल्या वर्षाच्या मुलांना शवविच्छेदनगृहात नेताना आपण आता शपथ देतो. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात ‘एटकॉम’चा, म्हणजे वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणाऱ्या भागाचा, एक पाठच असा आहे की, मृतदेह हा आपला पहिला शिक्षक. काही ठिकाणी मुलं फुलं वाहतात, हात जोडतात. मला हे मनापासून आवडतं. पण वर्ष-सव्वा वर्षाने तीच मुलं वॉर्डात येतात, तेव्हा या दुसऱ्या, जिवंत शिक्षकाचं नावसुद्धा त्यांना कोणी सांगत नाही. सांगतात तो खाटेचा नंबर. “सात नंबरला छान मर्मर आहे, ऐकून या.” मग हृदयाचा तो सदोष आवाज ऐकायला पंधरा मुलं त्या खाटेभोवती उभी राहतात, एकामागून एक स्टेथोस्कोप टेकवतात आणि पुढच्या खाटेकडे सरकतात. सात नंबरच्या मावशींना कोणी विचारलेलं नसतं आणि त्यांनीही काही विचारलेलं नसतं.

शवविच्छेदनाचा इतिहास आठवून पाहा. आपल्याकडचा १९४९ चा अ‍ॅनाटॉमी कायदा मुळात बेवारस मृतदेहांसाठी होता. ज्याच्यासाठी भांडायला कोणी नाही, त्याचा देह शिक्षणासाठी घ्यायचा, अशी ती व्यवस्था. पुढे देहदानाची चळवळ उभी राहिली. शिक्षक, कामगार, गृहिणी, कार्यकर्ते अशी माणसं जिवंतपणी अर्ज भरू लागली आणि घरच्यांना बजावून ठेवू लागली. जे आपण उचलून घेत होतो, ते समाज स्वतःहून देऊ लागला. शवविच्छेदनाच्या टेबलावर झालेला हा बदल वॉर्डात व्हायचा अजून बाकी आहे. तिथे आजही आपण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडूनच शिकतो. खासगी खोलीतल्या रुग्णाच्या पोटावर पंधरा मुलांचे हात पडत नाहीत. जनरल वॉर्डातल्या रुग्णाच्या पोटावर पडतात, कारण त्याचा उपचार मोफत आहे आणि नकार दिला तर मोठे डॉक्टर नाराज होतील, ही भीती त्याच्या मनात आहे.

रुग्ण दवाखान्यात आला, केसपेपर काढला, म्हणजे त्याची संमती आलीच, असा युक्तिवाद मी खूपदा ऐकला आहे. मला तो मान्य नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की, एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीसाठी गृहीत धरता येत नाही. तो निकाल शस्त्रक्रियेबाबत होता. पण तपासणीसाठी तरी न्याय वेगळा का असावा? उपचाराला दिलेला होकार हा शिकवण्याला दिलेला होकार नव्हे.

सर्वांत जड मनाने मी प्रसूतिकक्षाबद्दल बोलतो. कळा देणाऱ्या बाईची आतून तपासणी एकाने केली, मग दुसऱ्याने केली, मग “तूही बघून घे” म्हणून तिसऱ्याला पुढे केलं. मध्ये पडदा कधी असतो, कधी नसतो. हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारला एप्रिल २०२४ मध्ये रुग्णालयांना बजावावं लागलं की, भूल दिलेल्या रुग्णाची अशी नाजूक तपासणी विद्यार्थ्यांकडून करवायची असेल तर आधी लेखी संमती घ्या. पण त्याच देशात आयोवा विद्यापीठाच्या रॉबर्ट क्रेचमर यांनी १९६८ मध्ये वेगळी वाट काढायला सुरुवात केली होती. तिथून पुढे घडलेल्या पद्धतीत प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रिया स्वतःच्या देहावर ही तपासणी शिकवतात. हात कुठे जड पडला, आधी काय सांगायला हवं होतं, कोणता शब्द लागला, हे त्या विद्यार्थ्याला तिथल्या तिथे सांगतात. पुतळ्यावर हात बसतो हे खरं, पण दुखलं हे पुतळा सांगत नाही.

आणि आपल्याकडे स्वयंसेवक रुग्ण नाहीत, असं कोण म्हणतं? परीक्षेचे पेशंट आठवा. झडपेचा आजार असलेले बाबा, पानथरी वाढलेला तरुण, संधिवाताने बोटं वाकलेल्या मावशी. प्रात्यक्षिक परीक्षा आली की यांना निरोप जातो, ते एसटीने येतात, चहा-नाश्ता आणि थोडेफार पैसे मिळतात. यांतल्या कितीतरी जणांना आपला आजार पाठ असतो. मायट्रल स्टेनोसिसचा मर्मर ऐकायचा तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवावं लागतं आणि स्टेथोस्कोपची बेल हलकेच टेकवावी लागते. जोरात दाबली की तो खालच्या पट्टीतला आवाज हरवतो. घाबरलेला विद्यार्थी हे विसरतो, तेव्हा बाबा आपणहून कुशीवर वळतात आणि हळूच म्हणतात, “डॉक्टर, आता ऐका.” परीक्षकाला हे दिसत नाही, किंवा तो पाहूनही बोलत नाही. माझ्या मते त्या क्षणी त्या खोलीतला सर्वांत चांगला शिक्षक खाटेवर असतो. आपण मात्र त्याला परीक्षेच्या सामग्रीत धरतो. शॉर्ट केस, लाँग केस, आणि संध्याकाळी सुट्टी.

भाषाही रुग्णच शिकवतात. अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या मुलांना ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगावर पांढरं जातं’, ‘हातापायाला मुंग्या येतात’ हे कोणत्या पुस्तकात सापडणार? ‘कसंतरीच होतंय’ म्हणणाऱ्या आजीकडून नेमकं काय होतंय हे काढून घ्यायला धीर लागतो, आणि तो धीर आजीच देते.

आजाराचं सोंग घेणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तींचाही एक मार्ग आहे. हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने १९६३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात तो सुरू केला, आणि आज अनेक देशांच्या परीक्षा त्यावर उभ्या आहेत. ज्या महाराष्ट्रात श्रीराम लागू, मोहन आगाशे, जब्बार पटेल हे डॉक्टर रंगभूमीवर वावरले, तिथे हौशी कलावंतांना या कामाला बोलावणं अवघड नसावं. मृत्यूची बातमी कशी सांगावी, चिडलेल्या नातेवाइकाशी कसं बोलावं, हे शिकवायला नट उत्तम. पण नटाच्या छातीत मर्मर नसतो. वीस वर्षं इन्सुलिन टोचून घेतलेल्या माणसाला जे ठाऊक आहे, तेही त्याच्यापाशी नसतं. म्हणून मला दोन्ही हवेत. पण आधी रुग्ण हवेत.

लोक येतील का, असं सहकारी विचारतात. मरणानंतर अख्खा देह द्यायला तयार असलेली माणसं या राज्यात आहेत. त्यांना जिवंतपणी एक दुपार मागून तर पाहा. मुलं बोटांवर मोजण्याइतकीच येऊ द्या, त्यांनी आधी आपलं नाव सांगू द्या, आणि रुग्णाला कधीही ‘आता पुरे’ म्हणता येऊ द्या. निवृत्त शिक्षिका, बँकेतला कारकून, पार्किन्सनमुळे हात थरथरतो म्हणून घरात बसलेला कारखानदार, सगळ्यांना बोलवा. तसं झालं तर शिकवण्याचा भार एकट्या गरिबावर पडणार नाही.

एक धोका मात्र आहे. चांगली खूण सापडली म्हणून परीक्षेपर्यंत रुग्णाला ठेवून घेणं, शस्त्रक्रिया पुढे ढकलणं, हे कोणत्याही कारणाने खपवून घेता कामा नये. शिकवण्यापायी घरी जायची तारीख एक दिवसही लांबू नये.

म्हणून उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे मी एक ठराव ठेवत आहे. प्रत्येक महाविद्यालयाने शिक्षक-रुग्णांची नोंदवही सुरू करावी. तिची जबाबदारी उपचार करणाऱ्या युनिटकडे नसावी, म्हणजे नकार देणाऱ्याला उपचाराची धास्ती वाटणार नाही. येण्या-जाण्याचा खर्च, जेवण आणि बुडालेली रोजंदारी महाविद्यालयाने द्यावी. वॉर्डातल्या रुग्णाची संमती शिकवणाऱ्याने नव्हे, तर समाजसेवा अधीक्षकाने त्याच्या भाषेत, मुलं येण्यापूर्वी घ्यावी. प्रसूतिकक्षात ती प्रत्येक तपासणीपूर्वी नव्याने घ्यावी. आणि विद्यार्थी कसा वागला याचे काही गुण रुग्णाने द्यावेत. या शेवटच्या कलमाला विरोध होईल, हे मला माहीत आहे. त्यावर उद्या सकाळी दहा वाजता चर्चा आहे, आणि माझ्या विनंतीवरून संयोजकांनी त्या चर्चेला तीन रुग्णांनाही बोलावलं आहे. ते व्यासपीठावर बसतील आणि पहिलं बोलणं त्यांचं असेल.