वाण शेतात राहावा, शेतकऱ्याला परवडावा
(बियाणे संवर्धन परिषद, कोल्हापूर : स्वागताध्यक्षीय भाषण)



स्वागत समितीच्या वतीनं मी आपणा सर्वांचं या करवीरनगरीत मनःपूर्वक स्वागत करतो. अंबाबाईचं आणि राजर्षी शाहू महाराजांचं हे गाव. महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवून गुळाला बाजार दिला आणि राधानगरीचं धरण हाती घेऊन शेतीच्या पाण्याची सोय बघितली. पुढं पाणी आलं तसा ऊस वाढला, कारखाने उभे राहिले, पोरं शिकली. मीही ऊसकरीच आहे, त्यामुळं उसाला नावं ठेवायला मी इथं उभा नाही. पण पंचगंगेच्या काठानं फिरलात तर शेतामागून शेत को 86032 किंवा फुले 265 दिसेल. सगळा डाव दोन-चार वाणांवर लावला आणि उद्या एखादा रोग नेमका त्यांच्यावरच पडला, तर पर्याय काय, हा प्रश्न आम्हा बागायतदारांना पडायला हवा.

जुनी पिकं बघायची तर पश्चिमेकडं घाट चढावा लागतो. आजरा, चंदगड, भुदरगड, शाहूवाडी, गगनबावडा. तिथं नाचणा आहे, वरी आहे आणि आजऱ्याचा घनसाळ भात आहे. घनसाळ उंच वाढतो, खत जास्त झालं की लोळतो आणि संकरित भातापुढं उताऱ्यातही कमी पडतो. तरी तो टिकला, कारण चुलीवर आधण आलं की घरभर वास सुटतो आणि त्या वासासाठी चार पैसे जास्त मोजणारं गिऱ्हाईक आहे. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

जुने वाण जपण्याविषयी बोलताना एका शास्त्रज्ञाचं स्मरण मला कर्तव्य वाटतं. डॉ. राधेलाल रिछारिया (1909 ते 1996). केंब्रिजला शिकलेला हा माणूस 1959 पासून कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचा संचालक होता. साठच्या दशकात परदेशी बुटक्या जाती घाईनं आणायचं ठरलं, तेव्हा त्यांनी हरकत घेतली. या जातींबरोबर रोगही येतील, आधी नीट पारखून घ्या, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यापायी त्यांना पद सोडावं लागलं. पण ते घरी बसले नाहीत. पुढं रायपूरच्या भात संशोधन संस्थेत राहून छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून त्यांनी भाताचे 17,000 हून अधिक नमुने गोळा केले. अडाणी म्हणून ज्यांना बाजूला सारलं होतं, त्या शेतकऱ्यांच्या वाणांत भरघोस उतारा देणारे कितीतरी वाण त्यांना सापडले. पुढं तिथली संस्थाही बंद झाली. संग्रह मात्र रायपूरच्या कृषी विद्यापीठात राहिला. 2002 साली तो एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या हाती जाण्याचा घाट घातला गेला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि तो करार बारगळला.

रिछारियांचा आग्रह असा, की ज्या भागातला वाण त्याच भागातल्या शेतकऱ्यांनी दरवर्षी पेरून जपावा आणि शास्त्रज्ञानं त्यांच्या बरोबरीनं काम करावं. शीतगृहात बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, पण बदलत्या पावसाशी जुळवून घ्यायला ते शेतातच शिकतं.

आपल्या महाराष्ट्रात हेच काम अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात राहीबाई पोपेरे यांनी बायफ संस्थेच्या साथीनं उभं केलं. 2020 च्या पद्मश्रीनं त्यांचा गौरव झाला. 2022 साली राज्य मंत्रिमंडळानं महाराष्ट्र जनुक कोशाला 172.39 कोटी रुपयांची मंजुरी दिली, त्यात स्थानिक पीकवाणांचा विषय आहे. 2001 च्या पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं बी राखायचा, वापरायचा आणि देवाणघेवाणीचा शेतकऱ्याचा हक्कही मान्य केला आहे. आमच्या कोल्हापूरच्या शेंडा पार्क कृषी संशोधन केंद्रात नाचणी-वरीवर संशोधन चालतं, हीही जमेची बाजू.

म्हणून या परिषदेकडून माझ्या तीन अपेक्षा आहेत. कोणतं बी कुणाच्या घरी आहे याची गाववार नोंदवही व्हावी आणि ती बायकांच्या हाती असावी, कारण बियाणं निवडून राखेत घालून ठेवतात त्याच. संशोधन केंद्रांनी जुन्या वाणांतली भेसळ काढून शुद्ध बी पुन्हा गावाला द्यावं. आणि शाळा-आश्रमशाळांच्या जेवणात नाचण्याला जागा मिळावी. खपलं नाही तर कुणी पेरणार नाही. माझ्या ऊसकरी भावांना एकच विनंती, आपल्या रानातला एक गुंठा एखाद्या जुन्या वाणाला द्या. सुरुवात मी माझ्या रानापासून करतो.

दुपारच्या पंगतीला नाचण्याची भाकरी, झुणका आणि घनसाळचा भात आहे. रात्री तांबडा-पांढरा रस्सा आहेच, त्याशिवाय कोल्हापूरचा पाहुणचार पुरा होत नाही. आमचे कार्यकर्ते महिनाभर राबले आहेत. तरी सरबराईत काही उणं राहिलं तर मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. अध्यक्ष महोदयांनी परिषदेचं कामकाज सुरू करावं, अशी विनंती करून मी थांबतो.