फोटोचीही उलटतपासणी घ्या

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने मला सांगितले, "दादा, यंदा स्मरणिकेत जुने फोटो छापायचे आहेत, तर तुम्ही फोटोवरच दोन शब्द बोला." मी म्हटलं, अरे बाबांनो, मी गिरणीतला माणूस. शाळा दहावीपर्यंत, पुढचं वाचन सगळं रात्रपाळीत आणि डब्याच्या सुट्टीत. कॅमेऱ्याचं तंत्र मला कळत नाही. पण फोटोत उभं राहिल्यामुळे काय होऊ शकतं, ते मी भोगलेलं आहे. म्हणून तेच आधी सांगतो.

मी पत्र्याच्या गिरणीत काम करतो. दरवर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना नवे कोरे हातमोजे आणि हेल्मेट दिले. अंगणात दोन रांगा केल्या. साहेब मध्ये उभे राहिले. फोटोवाला म्हणाला, "हात वर करा, हसा." आम्ही हात वर केले, हसलो. मी दुसऱ्या रांगेत होतो, मीही हसलो. फोटो झाला. पंधरा मिनिटांत स्टोअरकीपरने हातमोजे मोजून परत घेतले आणि कपाटात कुलपात ठेवले.

जूनमध्ये आमच्या एका सहकाऱ्याचा हात पत्र्याच्या धारेने कापला. शिरा तुटल्या. चौकशी बसली. तेव्हा टेबलावर काय आलं? तोच फोटो. "सर्वांना हातमोजे दिले होते. हा बघा पुरावा. याने घातले नाहीत, निष्काळजीपणा याचा."

बंधुभगिनींनो, तो फोटो खोटा नव्हता. हात आमचेच, मोजे खरे, हसणंही आमचंच. तरी त्या फोटोने आमच्याच माणसाविरुद्ध साक्ष दिली. मला रात्रभर झोप आली नाही, कारण त्या साक्षीत माझा चेहरा होता.

पुढे काय झालं तेही ऐका. एप्रिलमध्ये एक जुने कामगार निवृत्त झाले होते. त्यांना हार घालताना एका पोराने मोबाईलवर फोटो काढला होता. पुढे हार, पेढे, आणि मागे सहा जण उघड्या हातांनी पत्रा उचलताना. फोटोवर तारीख होती. पण नुसत्या त्या फोटोनेही भागलं नसतं. आम्ही स्टोअरचं रजिस्टर मागितलं, त्यात हातमोजे वाटल्याची नोंदच नव्हती. आणि तिघांनी उभं राहून साक्ष दिली. त्यात मी सांगितलं की, होय, फोटोत मी आहे, आणि मोजे परत घेतले तेव्हाही मी तिथेच होतो. निष्काळजीपणाचा ठपका पुसला गेला. त्याची तीन बोटं मात्र आजही वाकत नाहीत.

त्या दिवशी मी एक गोष्ट शिकलो. फोटो हा न्यायाधीश नाही. तो साक्षीदार आहे. आणि साक्षीदार कितीही खरा असला, तरी त्याची उलटतपासणी घ्यावी लागते.

मग मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. कळलं की ही लबाडी मोबाईलच्या काळातली नाही. कॅमेऱ्याचा शोध जगापुढे आला 1839 साली. त्यानंतर वीस वर्षांच्या आत, 1858 मध्ये, फेलिचे बिआटो नावाचा फोटोग्राफर लखनौला पोचला. सिकंदर बागेत लढाई झाली होती आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात. हा आला काही महिन्यांनी. मग त्याच्या फोटोसाठी मेलेल्या शिपायांची हाडं उघडी करून अंगणात मांडली गेली. फोटो जगभर गाजला. लढाई खरी, मेलेली माणसं खरी, मांडणी मात्र फोटोसाठी केलेली.

आपल्या मुंबईचंही उदाहरण आहे. विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रजाने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचं पुस्तक काढलं. त्याचे दोन भाग 1863 आणि 1866 साली निघाले. त्यात माणसांचे फोटो एकीकडे काढले आणि पाठीमागचा देखावा दुसऱ्या फोटोतून आणून जोडला. खाली लिहिलं जातीचं नाव. म्हणजे बघा, माणूस एका जागेचा, जमीन दुसऱ्या जागेची, आणि ओळख तिसऱ्याने लिहिलेली. फोटोतल्या माणसाला कोणी विचारलं नाही की, बाबा, तू स्वतःला कोण म्हणवतोस? फोटोखालची एक ओळ माणसाला कसं बांधून टाकते, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

मग काय, फोटोवर विश्वासच ठेवायचा नाही? तसं मी म्हणत नाही. सुधारक ओलवे यांचं काम बघा. मुंबईत वृत्तपत्रांसाठी फोटो काढणारे हे मराठी गृहस्थ. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांबरोबर ते कचऱ्याच्या ढिगावर गेले, गटारापाशी गेले आणि त्यांच्या घरांतही गेले. मॅनहोलमधून बाहेर येणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांनी मुंबईकरांसमोर धरला. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जॉन्सनने माणसामागची जमीनच बदलली. ओलवे त्या माणसाच्या जमिनीवर जाऊन उभे राहिले. कॅमेरा दोघांकडेही होता. फरक पडला तो उभं राहण्याच्या जागेत.

आता आपल्या घराजवळचं दुःख सांगतो. आपल्या खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर वाडीवर आला. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं सापडलीच नाहीत, आणि 23 तारखेला शोध थांबवला. त्या दिवसांत कॅमेरे वर गेले. आक्रोश करणाऱ्या बायाबापड्यांचे फोटो देशाने पाहिले. ते फोटो खरे होते, त्यांनी माणसांची मनं हलवली, हे मान्य केलं पाहिजे. पण त्याआधी कित्येक वर्षं इर्शाळगडावर जाणारे हौशी लोक याच वाडीतून चढत होते. त्यांनी फोटो काढले सुळक्याचे, ढगांचे, नेढ्याचे. वाडी आलीच तर कोपऱ्यात, छपरांपुरती. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकालाही पायीच चढावं लागलं. ही अडचण ठाकर बांधवांना रोजचीच होती. कॅमेरा वाडीत होता, पण त्याचं तोंड गडाकडे होतं. मी कोणाला दोष देत नाही, मी स्वतःही गडाकडेच पाहिलं असतं. पण फोटोत काय आहे, याइतकंच फोटोत काय आलं नाही, हेही विचारलं पाहिजे.

आणि ज्याचा फोटो नाही, ते घडलंच नाही काय? चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलेले बाबासाहेब आपल्या घराघरांत आहेत. मुलांना आपण सांगतो, हा महाडचा फोटो. नाही, ते चित्रकाराने काढलेलं चित्र आहे. पण 20 मार्च 1927 ही तारीख खरी आहे. तिला 'बहिष्कृत भारत'ची पानं साक्षी आहेत, कोर्टाचे कागद साक्षी आहेत, 17 मार्च 1937 चा मुंबई हायकोर्टाचा निकाल साक्षी आहे. म्हणून चित्राला चित्र म्हणा, त्याने बाबासाहेब लहान होत नाहीत. उलट, चित्राला फोटो म्हणालो तर उद्या कोणी तो फोटो खोटा ठरवील आणि म्हणेल, सत्याग्रहही खोटा.

आज हा धोका जास्त आहे. आता कॉम्प्युटर कधीच न घडलेल्या प्रसंगाचा हुबेहूब फोटो तयार करून देतो. आपल्या ग्रुपवर बाबासाहेबांचे असे फोटो येतात, आपण हात जोडतो आणि पुढे पाठवतो. तथागतांनी कालामांना काय सांगितलं? ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा. मोबाईलवर आलं म्हणूनही मानू नका, एवढंच आपण त्यातून घ्यायचं.

म्हणून तरुणांनो, कुठलाही फोटो समोर आला की विचारा. कोणी काढला? कधी, कुठे? खालची ओळ कोणी लिहिली? चौकटीबाहेर कोण राहिलं? आणि फोटो काढून झाल्यावर पंधरा मिनिटांनी तिथे काय झालं?

शेवटी, या विहाराचा एक फोटो. पाया खणला त्या दिवशीचा. समितीने तो स्मरणिकेसाठी काढून ठेवला आहे. त्यात चौदा पुरुष कुदळ-फावडी घेऊन उभे आहेत. मी तेव्हा चौथीत होतो, कडेला माझी अर्धी चड्डी तेवढी दिसते. त्यात एकही बाई नाही. पण पाताळगंगेतून रेतीची घमेली डोक्यावरून कोणी आणली? आपल्या आयांनी आणली. माझी आई त्या फोटोत नाही, कारण फोटो निघाला तेव्हा ती मागे तीन दगडांच्या चुलीवर चौदा जणांचा भात रांधत होती. आज ती नाही. हे सांगणारी माणसंही आता थोडी उरली आहेत.

माझी समितीला विनंती आहे. तो फोटो जरूर छापा. पण खाली नुसतं "विहाराच्या पायाभरणीप्रसंगी" असं लिहू नका. चौदा जणांची नावं लिहा आणि त्याखाली लिहा, रेती वाहणाऱ्या आणि जेवण रांधणाऱ्या महिला या फोटोत नाहीत, त्यांची नावे पुढीलप्रमाणे. मला आठवतात ती नऊ नावं मी लिहून आणली आहेत. सभा संपल्यावर म्हाताऱ्या माणसांनी थांबावं, राहिलेली नावं सांगावीत. आणि घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या पेटीतले जुने फोटो काढून मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहावं. सांगणारं माणूस घरात आहे तोवरच हे होईल.

एवढं बोलून मी आपली रजा घेतो. नमो बुद्धाय! जय भीम!