ओझ्याची सायकल आणि तिचा सांगाडा

पंधरा दिवसांचे बिऱ्हाड सायकलवर लादून दूरच्या मुलखात निघालेल्या प्रवाशाला, घाटाची उतरण लागून वेग वाढू लागताच, हँडल हातात थरथरून सबंध गाडी सर्पाकृती डोलू लागल्याचा जो भयप्रद अनुभव कधी कधी येतो, त्याचे खापर तो रस्त्यावर फोडतो. परंतु पुष्कळदा दोष असतो तो सांगाड्याला पडणाऱ्या पिळाचा आणि त्यावर ओझे रचण्याच्या पद्धतीचा.

सांगाडा लवचिक असला म्हणजे धक्के सुसह्य होतात, ही समजूत सार्वत्रिक आहे, पण ती तपासून घेतली पाहिजे. त्रिकोणांनी जखडलेला सायकलचा सांगाडा खालीवर इतका अत्यल्प दबतो, की बसणाऱ्याला मिळणारे सुख जवळजवळ सर्वस्वी टायरातील हवेचे व बैठकीचे असते. तो नमतो तो पिळामध्ये: मागे कॅरिअरवर ओझे, पुढे हँडल, आणि मध्ये त्यांना जोडणाऱ्या नळ्या, ओझे एका अंगाला झुकले की नळ्या पिळतात, उलटून येतात, पुन्हा पिळतात, आणि विशिष्ट वेगाला या आंदोलनाचा मेळ पुढच्या चाकाच्या डोलण्याशी बसला, तर ते आपोआप वाढत जाते.

हा पीळ रोखण्यासाठी महागड्या पोलादावर भिस्त ठेवणे व्यर्थ होय. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली बाजारात आणलेले '५३१' हे विख्यात मिश्रपोलाद बळकट खरेच, पण बळकटी म्हणजे ताठरपणा नव्हे. नळी किती भाराला कायमची वाकेल किंवा मोडेल हे बळकटी ठरवते, तर दिलेल्या भाराखाली ती किती नमेल हे ताठरपणा ठरवतो, आणि या दुसऱ्या बाबतीत साधे पोलाद व उंची पोलाद यांत जवळजवळ फरक नाही. उलट बळकटीच्या भरवशावर नळीची भिंत पातळ करता येते, त्यामुळे सांगाडा हलका होतो आणि त्याच प्रमाणात अधिक लवतो. खरा प्रभाव व्यासाचा: भिंतीची जाडी तीच ठेवून १ इंची नळीचा व्यास केवळ एक अष्टमांशाने वाढवला, तर वजन सुमारे १२ टक्के वाढते, पण ताठरपणा ४० टक्क्यांहून अधिक. ॲल्युमिनियम पोलादाच्या तृतीयांशच ताठर, पण वजनालाही तृतीयांशच. म्हणून त्याच्या नळ्या जाड्याजुड्या करण्याची मुभा मिळते आणि तो सांगाडा पोलादी सांगाड्याहूनही ताठर बनवता येतो.

रिकाम्या गाडीवर किंचित लवणारा सांगाडा पायांना सुखद वाटतो, हे अनुभवी स्वारांचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र ओझ्याच्या प्रवासाला मी जाड नळ्यांचाच सांगाडा निवडीन, आणि मऊपणासाठी रुंद टायर घेईन.

तरीही सांगाड्याइतकीच काळजी कॅरिअरची घ्यावी. त्याच्या सळया हलत असतील, तर उत्तम सांगाड्याचाही निरुपाय होतो. ओझे चाकाच्या आसाजवळ, शक्य तितके खाली, दोन्ही बाजूंना समतोल बांधावे, आणि काही भाग पुढच्या चाकावर द्यावा. एवढे करूनही गाडी डोलू लागलीच, तर हँडल आवळून न धरता गुडघा दांडीला टेकवावा, बैठकीवरचा भार हलका करावा, आणि ब्रेक हळूहळू लावावा.