पिको, पाण्याची टाकी आणि गेलेली पिन

आपल्या संभाजीनगरात नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड, तेही कधी मध्यरात्री. मोटर लावून टाकी भरेपर्यंत आई जागी. डोळा लागला की टाकी वाहिलीच! म्हणून मी रास्पबेरी पाय पिको आणला.

२०२१ साली आलेला हा छोटासा बोर्ड. दोन कोअर, २६४ केबी रॅम. बूटसेल बटण दाबून धरत केबल लावली, की लॅपटॉपला तो पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात मायक्रोपायथनची फाइल टाकायची, झालं. माझा मात्र पहिला तास वाया गेला, कारण केबल नुसती चार्जिंगची निघाली!

मग टाकीच्या झाकणाखाली अल्ट्रासोनिक सेन्सर लावला. आवाज पाण्यावर आपटून परत यायला जेवढा वेळ लागतो, त्यावरून अंतर कळतं. कोड जेमतेम २० ओळींचा. दोन दिवस चाललं, मग रीडिंग बंद. मी कोडच तपासत बसलो. चूक वायरिंगमध्ये होती. सेन्सर ५ व्होल्टचा सिग्नल देतो, पिकोची पिन ३.३ व्होल्टची. पिन गेली. सॉफ्टवेअरमध्ये आपण अन्डू करतो, इथे अन्डू नाही!

दुसरी पिन घेतली. सेन्सरकडून १ किलोओहम, ग्राउंडकडे २ किलोओहम, मधून पिनला वायर. ५ चे ३.३ झाले.

आता मोटर लावून आई खुशाल आडवी होते. बझर वाजला की उठून बंद करते.

तेव्हा मंडळी, नुसता एलईडी लुकलुकवून थांबू नका. घरातली एक अडचण पकडा. आणि वायर जोडण्याआधी व्होल्टेज बघा!