डेस्कटॉपची डागडुजी आणि नवी बांधणी



मुक्तस्रोत आज्ञावलीचे भांडवल पैसा नव्हे. स्वयंसेवकांचे श्रम आणि वापरणाऱ्यांचा विश्वास हेच तिचे भांडवल. म्हणूनच संगणकाच्या पडद्यावरील रोजची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, पायरीपायरीने बदलावा की एका झटक्यात, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

केडीई या डेस्कटॉपचेच पाहा. माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने १९९६ साली त्याचा आरंभ केला. ३.५ या आवृत्तीपर्यंत तो चांगलाच स्थिरावला होता. परंतु ज्या 'क्यूटी' संचावर तो उभा होता, त्याची २००५ साली आलेली चौथी आवृत्ती जुन्याशी जुळणारी नव्हती. पायाच बदलणार असेल तर घरही नव्याने बांधू, असे कार्यकर्त्यांनी ठरविले. ११ जानेवारी २००८ रोजी ४.० आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात तळाची पट्टी लहानमोठी करण्याची सोयदेखील नव्हती! ही आवृत्ती मुख्यतः विकसकांसाठी आहे, असे रचनाकार सांगत राहिले. पण क्रमांकाने लोकांना वेगळाच अर्थ सांगितला होता. त्याच वर्षी मे महिन्यात फेडोरा ९ मध्ये जुन्या डेस्कटॉपच्या जागी हा नवा डेस्कटॉप आला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सही केडीई सोडून ग्नोमकडे गेले.

दैवदुर्विलास असा की, एप्रिल २०११ मध्ये ग्नोमनेही तोच मार्ग धरला. तिसऱ्या आवृत्तीतून उघड्या खिडक्यांची यादी गेली, खिडकी खाली दडविण्याचे बटणही गेले. टोरवाल्ड्स तेथूनही निघाले आणि एक्सएफसीईकडे वळले. अर्थात त्यांच्यासारख्याला दुसरे घर शोधणे सोपे असते. शिकविलेल्या चार खुणांवर काम करणाऱ्या कारकुनाने कोठे जावे?

मुक्तस्रोताचे सामर्थ्य येथे दिसले. संहिता खुली असल्याने काहींनी जुना ग्नोम 'माते' या नावाने जिवंत ठेवला. मात्र क्रमिक मार्गही फुकटचा नसतो. 'माते'ला जुन्या जीटीके २ संचावरून पूर्णपणे जीटीके ३ वर यायला २०१७ साल उजाडले. मूठभर माणसांची कित्येक वर्षे त्यात गेली.

लिनक्स मिंटच्या मंडळींनी 'सिनॅमन' रचताना आतील यंत्रणा नव्या ग्नोमची घेतली आणि बाहेरची मांडणी परिचित ठेवली. मला हाच विवेक अधिक मोलाचा वाटतो. आत कितीही उलथापालथ करा. पण नवे पुरते चालू लागेपर्यंत माणसाच्या हाताखालचे जुने काढून घेऊ नका.

केडीईला हे उमगले, असे म्हणण्यास आधार आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी प्लाझ्मा ६ आला. क्यूटी संच बदलला, चित्रणाची मूळ पद्धतही वेलँड झाली. तरी मुखवटा बव्हंशी तोच ठेवला गेला, आणि ज्यांचे वेलँडवर अडत होते त्यांच्यासाठी प्रवेशाच्या पडद्यावर जुन्या एक्स ११ चा पर्यायही तेव्हा खुला होता.