हप्ता सबसिडीसाठी थांबत नाही

(खातेदार मेळाव्यातील भाषण. रायपूर, नोव्हेंबर २०२५)



दिवाळी झाली, आता लग्नसराई येईल. या दिवसांत बँकेत विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या कर्जासाठी चौकशी वाढते. येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो, "सरकार पैसे देतंय म्हणतात, मग आम्हाला किती भरावे लागतील?"

सरकार मदत करते हे खरे आहे. पण ती सगळी एका जागेवरून आणि एकाच दिवशी मिळत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, पाकिटाला असतात तसे या मदतीचे तीन कप्पे करा. पहिल्या कप्प्यात आज बिलातूनच वजा झालेली रक्कम. दुसऱ्यात, जो कर तुम्हाला भरावाच लागला नाही तो. आणि तिसऱ्यात, पुढे कधीतरी खात्यात जमा होणारी रक्कम. कर्जाचा हिशेब करताना पहिले दोन कप्पे धरा. तिसऱ्याला हात लावू नका.

आता पहिला कप्पा. केंद्र सरकारची पीएम ई-ड्राइव्ह योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे. तिच्यात बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे सूट मिळते. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. पहिल्या वर्षी ही सूट युनिटमागे ५,००० रुपये होती, एका दुचाकीला जास्तीत जास्त १०,००० रुपये. २०२५-२६ या वर्षात ती निम्मी झाली, म्हणजे युनिटमागे २,५०० आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये. त्यामुळे त्या वर्षी बॅटरी दोन युनिटांची असो की चार युनिटांची, ५,००० च्या वर काही मिळत नव्हते.

हे पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत. विक्रेता किंमत तेवढी कमी लावतो आणि कंपनी सरकारकडून रक्कम घेते. खरेदीच्या वेळी आधारवरून तुमची ओळख पटवली जाते आणि तुमच्या नावाने ई-व्हाउचर निघते. त्यावर सही करण्याआधी बिलात सूट दाखवली आहे ना, हे पाहा. एका आधारवर एकाच गाडीला लाभ मिळतो, म्हणून मित्रासाठी किंवा शेजाऱ्यासाठी आपले आधार पुढे करू नका. खासगी मोटारीला या योजनेत सूट नाही. दुचाकीसाठीची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंत ठेवली होती.

ही सूट कशी उतरत आली, तेही ऐका. २०२१ च्या जूनमध्ये दुचाकीला युनिटमागे १५,००० रुपये मिळत. जून २०२३ मध्ये १०,००० झाले, एप्रिल २०२४ मध्ये ५,००० आणि २०२५-२६ मध्ये २,५००. म्हणून कोणाच्या चुलतभावाला दोन-तीन वर्षांपूर्वी काय मिळाले, यावर आपले अंदाजपत्रक मांडू नका.

दुसरा कप्पा कराचा. विजेच्या वाहनावर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. पेट्रोलच्या ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर तो २८ टक्के होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. म्हणजे पेट्रोलची गाडीही आता स्वस्त झाली आहे. तुलना करायची तर सप्टेंबर २०२५ नंतरचे दरपत्रक मागा, त्याआधीचे जुने चालणार नाही.

आपल्या छत्तीसगडचे इलेक्ट्रिक वाहन धोरण २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी आले. त्यात रस्ता कराची सवलत पहिली दोन वर्षे पूर्ण, पुढची दोन वर्षे निम्मी आणि पाचव्या वर्षी पाव, अशी ठेवली होती. शोरूमवाला "टॅक्स माफ" म्हणाला, तर किती माफ, हे आरटीओच्या पावतीवरून ताडून पाहा. नागपूरच्या नातेवाइकांना मिळणारी सवलत महाराष्ट्राच्या धोरणाची आहे. गाडी ज्या राज्यात नोंदवाल, त्या राज्याचा नियम लागू होतो.

एक गोष्ट अजूनही सांगितली जाते, की कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत आयकरात वजावट मिळते. ते कलम ८०-ईईबी. १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जालाच ते लागू आहे. आज कर्ज घेणाऱ्याने ते विसरावे.

आता तिसरा कप्पा. राज्याच्या धोरणात गाडीच्या किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख रुपये सबसिडी जाहीर झाली. ती खरेदीनंतर मालकाच्या बँक खात्यात जमा होते. कागदपत्रे दिल्यावरही अनेक खरेदीदारांना या रकमेसाठी दीर्घ काळ थांबावे लागले, हे तुम्ही वर्तमानपत्रांत वाचले असेल. निधी मंजूर होईल तसे पैसे सुटतात. बँकेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेलाच कापला जातो.

आकड्यांत बघू. समजा, एक लाखाच्या स्कूटरवर १०,००० रुपये राज्याकडून येणार आहेत. तुम्ही मनाशी धरले, की गाडी ९०,००० लाच पडली. १२ टक्के व्याजाने तीन वर्षांसाठी ९०,००० चा मासिक हप्ता सुमारे २,९९० रुपये येतो, पूर्ण लाखाचा ३,३२०. प्रत्यक्षात कर्ज लाखाचे असते आणि हप्ता ३,३२०. दरमहा ३३० रुपयांचा हा फरक झेपत असेल तरच सही करा. पुढे सबसिडी आली, तर ती मुदलात भरा. भरण्याआधी मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क किती, ते शाखेत विचारा.

मग विजेची गाडी घ्यावी की नाही? याचे उत्तर सबसिडीपेक्षा तुमच्या रोजच्या फेरीत आहे. समजा, पेट्रोलच्या स्कूटरला किलोमीटरमागे २ रुपये २० पैसे लागतात आणि घरच्या चार्जिंगला ३० पैसे. किलोमीटरमागे १ रुपया ९० पैसे वाचले. सिलतऱ्याच्या कारखान्यात रोज जाऊन-येऊन ३० किलोमीटर जाणाऱ्याचे, महिन्याचे २६ दिवस धरले तर, सुमारे १,४८० रुपये वाचतात. तात्यापाऱ्यातून बाजार, शाळा आणि देऊळ मिळून रोज ८ किलोमीटर फिरणाऱ्याचे जेमतेम ३९५. विजेची गाडी २५,००० रुपयांनी महाग पडत असेल, तर पहिल्याचा फरक १७ महिन्यांत भरून निघतो. दुसऱ्याला पाच वर्षांहून जास्त लागतात. त्याची जुनी स्कूटर नीट चालत असेल, तर तिलाच सर्व्हिसिंग करून घेणे आणि पैसे आवर्ती ठेवीत टाकणे बरे. बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची आणि ती संपल्यावर नवीन केवढ्याला, हेही लेखी घ्या. तो खर्च आज दिसत नाही, पण तो तुमचाच आहे.

शेवटी बँकेच्या बाजूची कामे. सबसिडीसाठी जे खाते द्याल, ते चालू स्थितीत हवे. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय होते. त्याची केवायसी करून ते आधी सुरू करून घ्या. आधार नेमके कोणत्या खात्याला जोडले आहे, ते विचारा. आरसी, आधार आणि पासबुक या तिन्हींवरचे नाव जुळायला हवे. माहेरचे आणि सासरचे नाव वेगवेगळे असेल, तर गाडी घेण्याआधीच दुरुस्त करा. बिल, विमा, आरसी आणि अर्जाची पोच एका फाइलमध्ये ठेवा.

आणि कोणी फोन करून म्हणाले, "तुमची ईव्ही सबसिडी अडकली आहे, ओटीपी सांगा," तर फोन ठेवून द्या. पैसे मिळण्यासाठी ओटीपी किंवा पिन कधीच द्यावा लागत नाही. चुकून दिला गेला, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि शाखेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

शोरूममध्ये जाण्याआधी एका कागदावर दोनच आकडे लिहा. रोज किती किलोमीटर फिरता आणि सबसिडी आलीच नाही तर दरमहा किती हप्ता भरू शकता. तो कागद घेऊन शाखेत या, पुढचा हिशेब आपण बसून करू.