थरथरणारा हात आणि अचूक नेम

शाळेतील किंवा महाविद्यालयातील एखादा विद्यार्थी प्रथमच नेमबाजीच्या मैदानावर जातो, हाती एअर पिस्तूल घेतो आणि दहा छर्रे झाडतो. लक्ष्यपत्रिका जवळ आणून पाहिली जाते. एक छिद्र वर, दोन खाली, चार डावीकडे, आणि उरलेल्यांचा पत्ता नाही. शिक्षक पत्रिका पाहतात, मुलाच्या हाताकडे पाहतात आणि म्हणतात, "याचा हात थरथरतो. हे याचे काम नव्हे." मुलगा खाली मान घालून परत जातो व पुन्हा त्या मैदानावर येत नाही.

हा निर्णय जितका सर्वत्र दिला जातो, तितकाच तो चुकीचा आहे. हात प्रत्येकाचा थरथरतो. ज्याने ऑलिंपिकमध्ये पदक मिळविले त्याचाही थरथरतो. नवशिक्याचा नेम बिघडतो तो हाताच्या कंपामुळे नव्हे, तर त्या कंपाच्या भीतीपोटी केलेल्या घाईमुळे. ही एक गोष्ट नीट उमगली, तर पुष्कळ मुले वाया जाण्यापासून वाचतील.

मोजमाप काय सांगते

दहा मीटर एअर पिस्तूल या प्रकारात ४.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा वापरतात. खेळाडू पिस्तूल एकाच हाताने धरून उभ्याने नेम धरतो. लक्ष्यावरील काळ्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो व त्याच्या मध्यभागी दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. तेथपासून बाहेरचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने ८ मिलिमीटर वाढत जाते.

आता एक साधा हिशोब करून पाहावा. पिस्तुलाच्या मागील बाजूस खाच असते व नळीच्या टोकाशी माशी असते. खाचेच्या बरोबर मध्यभागी माशी दिसली, दोहोंची माथी एका रेषेत आली आणि माशीच्या दोन्ही बाजूंस सारखा उजेड दिसला, म्हणजे नेमाची जुळणी झाली. ही जुळणी कायम ठेवून संपूर्ण हात ५ मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही ५ मिलिमीटरच बाजूला लागतो. तो दहा गुणांच्या वर्तुळातच राहतो. परंतु हात जागेवर असताना मनगट किंचित वळले आणि माशी खाचेत केवळ १ मिलिमीटर सरकली, तर काय होते? खाच व माशी यांमध्ये सुमारे ३३ सेंटिमीटर अंतर असते. ३३ सेंटिमीटरांत १ मिलिमीटर, तर दहा मीटरांत सुमारे ३० मिलिमीटर. छर्रा काळ्या वर्तुळाच्या कडेला, म्हणजे थेट सात गुणांवर जातो.

हाताची सरळ हालचाल जेवढ्यास तेवढी राहते. माशीची चूक मात्र तीसपट होते. नवशिका घाबरतो ते पहिल्या गोष्टीला आणि दुर्लक्ष करतो ते दुसऱ्या गोष्टीकडे. सारी गफलत येथेच आहे.

नजर माशीवर

डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू स्वच्छ दिसते. माशी स्वच्छ दिसली तर लक्ष्य धूसर दिसणार, आणि लक्ष्य स्वच्छ दिसले तर माशी धूसर होणार. नवशिक्याचे मन स्वभावतःच लक्ष्याकडे धावते. पण वरील हिशोब ध्यानी घेता स्वच्छ दिसावयास हवी ती माशी. लक्ष्याचा धूसर काळा ठिपका आपल्या जागी राहू द्यावा.

याच कारणाने एअर पिस्तुलाचे बहुतेक खेळाडू माशी काळ्या वर्तुळाच्या मध्यावर रोखीत नाहीत. काळ्यावर काळी माशी दिसेनाशी होते. ते वर्तुळाच्या खाली पांढऱ्या जागेत माशी ठेवतात व छर्रा मध्यावर लागेल अशा बेताने खाच जुळवून घेतात. पांढऱ्या पार्श्वभूमीवर माशीची कड स्पष्ट दिसते.

चाप

एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम ओढीचा असावा, असा स्पर्धेचा नियम आहे. पिस्तूल साधारणतः एक किलोग्रॅम वजनाचे असते. एक किलोची वस्तू हवेत तोलून धरली असता तिच्यावर अर्ध्या किलोचा जोर वाकडा पडला, तर ती वळल्यावाचून कशी राहील? म्हणून चाप सरळ मागे, बोटाच्या पहिल्या पेराने, हळूहळू वाढत्या दाबाने ओढावयाचा असतो. बोट पिस्तुलाच्या बाजूला घासता कामा नये.

नवशिका याच्या उलट करतो. माशी डोलताना दिसते, ती मध्यावर आल्याचा भास झाला की तो "आता!" असे मनाशी म्हणून चाप झटक्याने ओढतो. त्या झटक्यासरशी मूठ आवळली जाते, मनगट खाली वळते आणि उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा बहुधा खाली डावीकडे जातो. दारूच्या पिस्तुलात यात आणखी एक दोष मिसळतो. आवाज आणि धक्का यांच्या अपेक्षेने हात आधीच दचकतो. प्रशिक्षक कधी भरलेले, कधी रिकामे पिस्तूल नवशिक्याला न सांगता हाती देतात ते याचसाठी. रिकाम्या पिस्तुलाचे तोंड चाप ओढताच खाली गेले, की शिकणाऱ्याला आपला दोष स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. निराळे बोलावे लागत नाही.

मोहाडी-आंधळगावकडील कोसा विणकर तुटलेला धागा सांधताना हात थांबण्याची वाट पाहत बसत नाही. हात चालूच असतो, त्या चालण्यातच तो धागा सांधतो. नेमबाजाचेही तसेच आहे. डोलणारी माशी डोलू द्यावी, जुळणी मोडू देऊ नये, आणि चापावरील दाब न थांबता वाढवीत राहावे. पिस्तूल सुटेल तेव्हा सुटेल.

उभे राहणे, मूठ आणि श्वास

पाय खांद्यांइतके अंतर सोडून ठेवावेत, शरीर लक्ष्याकडे बाजूने वळलेले असावे व मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवावा. मग डोळे मिटून रिकामे पिस्तूल उचलावे व डोळे उघडावेत. हात लक्ष्याच्या डावीकडे वा उजवीकडे गेलेला दिसला, तर हात वळवू नये, पाय हलवावेत. ओढून आणलेला हात चाप ओढण्याच्या क्षणी आपल्या मूळ जागी परत जाऊ पाहतो.

मूठ अंगठा व तर्जनी यांमधील खोबणीत शक्य तितकी वर बसावी, मनगट ताठ असावे आणि मुठीचा दाब आरंभापासून अखेरपर्यंत सारखा असावा. श्वास घेत हात वर न्यावा, अर्धा श्वास सोडत तो लक्ष्याखाली आणावा, तेथे श्वास थांबवावा. सहा ते आठ सेकंदांत छर्रा सुटावा. दहा सेकंद उलटूनही सुटला नाही, तर हात खाली घ्यावा, विसावा घ्यावा व पुन्हा आरंभ करावा. हात खाली घेण्याचे हे धैर्य नवशिक्याला मुद्दाम शिकवावे लागते. स्पर्धेत ६० छर्ऱ्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात. घाईचे कारण नसते. छर्रा सुटल्यावरही क्षणभर नजर माशीवरच ठेवावी. छर्रा कोठे लागला हे लगेच पाहू नये. आधी मनाशी सांगावे व नंतर पडताळून वहीत लिहावे. सांगणे आणि लागणे जुळू लागले, की शिक्षण मार्गी लागले असे समजावे.

वहीत गुणांपेक्षा छिद्रांची मांडणी काढलेली बरी. पाच छिद्रे एकमेकांजवळ पण मध्यापासून दूर असतील, तर खाचेचा स्क्रू फिरवून काम भागते. पाचही छिद्रे विखुरलेली असतील, तर स्क्रूला हात लावू नये. दोष हाताच्या कृतीत आहे.

छर्ऱ्याविना सराव

मैदान दूर आहे, छर्रे महाग आहेत, ही अडचण खरी आहे. पुण्याच्या बालेवाडीतील नेमबाजी संकुलापासून भंडारा शेकडो किलोमीटर दूर आहे. पण या खेळाचा मोठा भाग छर्ऱ्याविना शिकता येतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून रिकाम्या पिस्तुलाने माशी व खाच जुळवावी, चाप ओढावा, माशी हलली का ते पाहावे. समोर लक्ष्यच नसल्यामुळे मन माशीवर राहते. बहुतेक स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत अशा कोऱ्या सरावाची सोय असते; इतर पिस्तुलांत मात्र उत्पादकाच्या सूचना वाचूनच तो करावा. सराव रोज वीस मिनिटे व्हावा. आठवड्यातून एकदा दोन तास केल्याने ते साधत नाही.

सुरक्षितता

भंडारा जिल्ह्याला दारूचे सामर्थ्य नव्याने सांगावे लागत नाही. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत दारूगोळ्याची प्रणोदक द्रव्ये तयार होतात, आणि २४ जानेवारी २०२५ रोजी तेथे झालेल्या स्फोटात कामगारांना प्राण गमवावे लागले. शस्त्राशी संबंधित प्रत्येक कामात शिस्त प्रथम, कौशल्य नंतर.

प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे समजावे. त्याचे तोंड सदैव लक्ष्याकडे असावे. नेम धरल्यावाचून बोट चापावर नेऊ नये. लक्ष्यामागे काय आहे हे जाणल्यावाचून छर्रा सोडू नये. कोरा सराव ज्या खोलीत चालतो तेथे एकही छर्रा असू नये. एअर पिस्तुलाच्या मैदानावर डोळ्यांना चष्मा हवा, दारूच्या पिस्तुलाच्या मैदानावर चष्म्यासोबत कानांना संरक्षणही हवे. छर्रे शिशाचे असतात. म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज मुलांना काही खाऊ देऊ नये आणि मैदानाची जमीन कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

जिल्ह्यात काय करता येईल

कोल्हापूरच्या श्रीमती राही सरनोबत यांचा शस्त्राशी परिचय शाळेतील राष्ट्रीय छात्र सेनेतून झाला. २०१३ साली चांगवोन येथील विश्वचषक स्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्याच प्रकारात बरोबरी झाली, ती फोडण्यासाठी दोनदा फेरी घ्यावी लागली, आणि सुवर्णपदक त्यांनाच मिळाले. रायफल या प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे श्री. स्वप्नील कुसाळे हे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले व २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदकाचे मानकरी ठरले. एकीचा आरंभ शाळेत झाला, दुसऱ्याचा खेड्यात. भंडाऱ्यातही शाळा आहेत आणि खेडीही आहेत.

जेथे छात्र सेनेची तुकडी आहे, तेथे या कामाला शिस्तीचा पाया आयताच मिळतो. पंचायतीने दहा मीटरांहून लांब, मागे भक्कम भिंत असलेली व नेमबाजांच्या पाठीमागूनच प्रवेश असलेली खोली द्यावी. बाजूचा दरवाजा कुलूपबंद असावा. छर्रे अडविणारी पेटी व प्रशिक्षित देखरेख यांवाचून एकही छर्रा सुटू नये. शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांतील तरतुदींची खात्री जिल्हाधिकारी कार्यालयाकडून व पोलिसांकडून आरंभीच करून घ्यावी. पिस्तूल कुलपात व छर्रे दुसऱ्या कुलपात असावेत, आणि दोन्ही किल्ल्या एका जबाबदार व्यक्तीकडे नोंदवहीसह असाव्यात.

शिक्षकांकडून मात्र एवढीच अपेक्षा आहे की, पहिल्या दिवसाच्या दहा छर्ऱ्यांवरून कोणाही मुलाचा वा मुलीचा निकाल लावू नये. पहिला महिनाभर छर्रा देऊच नये. भिंत, रिकामे पिस्तूल, माशी व चाप एवढेच द्यावे. महिन्यानंतर ज्या मुलाचा हात अजून थरथरतो, पण चाप ओढताना ज्याची माशी खाचेतून हलत नाही, त्याला पहिला छर्रा प्रथम द्यावा.